शेवटचा हात

बाहुलीपटाचं चित्रीकरण संपलं की बाहुल्या मऊ कापडात गुंडाळून खोक्यात जातात, टेबलावरचं छोटं घर मोडलं जातं आणि हार्ड डिस्कवर फोटोंचा ढीग उरतो. दहा मिनिटांची फिल्म, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 14,400 फ्रेम. एकेक पोझ दोन-दोन फ्रेम धरली, म्हणजे या धंद्याच्या बोलीत ‘टूज’वर काम केलं, तरी 7,200 वेगवेगळे फोटो. त्यातल्या बऱ्याच फोटोंत बाहुलीखेरीज नको ते काहीतरी असतंच. कमरेत अडकवलेली स्टीलची दांडी, टोपी हवेत धरणारा तंगूस, भांडं जागचं हलू नये म्हणून खाली लावलेलं मेण, कोपऱ्यात डोकावणारी प्लायची कड. या ढिगाची फिल्म कशी होते, ते पुढच्या पानांत सांगितलं आहे.

हे कुणासाठी लिहिलं तेही सांगतो. स्वतःच्या पैशानं, घरातल्या एका खोलीत, दोन-तीन मित्रांच्या मदतीनं बाहुलीची छोटी फिल्म करणाऱ्या माणसासाठी. मोठ्या स्टुडिओत इफेक्ट्सचं वेगळं खातं असतं. तिथे रोटोचा, म्हणजे फ्रेमफ्रेमनं आकाराची कड कापणारा, माणूस वेगळा, पेंटचा वेगळा, सगळे थर जोडणारा कॉम्पोझिटर वेगळा. इथे बाहुलीचा तारेचा सांगाडा वळणारा, तिला साडी नेसवणारा, कॅमेऱ्यामागे उभा राहणारा आणि रात्री जागून दांडी पुसणारा बहुधा एकच असतो. कसबाची आपल्याकडे वाण नाही. मुंबईतल्या स्टुडिओंत कितीतरी मराठी मुलंमुली परदेशी चित्रपटांचं रोटो आणि क्लीनअप करतात. त्यांच्या हातात एखादा शॉट दिला तर ते तो लख्ख करून देतील. पण किती लख्ख करायचा हे मोठ्या चित्रपटात वरून ठरून येतं. स्वतंत्र फिल्ममध्ये ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण ते ठरवतच नाहीत. दिसेल ते पुसत सुटतात. मग पैसे संपतात, किंवा फिल्म पुरी होते पण बाहुली निर्जीव दिसते.

काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं, हे ठरवणं म्हणजेच इफेक्ट्सचं खरं काम, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं चिकाटीवर येतं.

बाहुलीच्या खेळाला सूत्र लपवायची निकड कधी वाटली नव्हती. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्रीच्या खेळात दोऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हलतात आणि थोड्या वेळानं त्या कुणालाच दिसत नाहीत, कारण बघणाराच त्या मनातून काढून टाकतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव हा बाहुला बोलतो तेव्हा पाध्ये शेजारीच बसलेले असतात, तरी लोक अर्धवटरावाकडेच बघून हसतात. समोर जिवंत माणूस असला की प्रेक्षक एवढं सहज देऊन टाकतो.

पडद्यावर तो इतका उदार राहत नाही. क्लोज-अपमध्ये बाहुलीचं बोटभर तोंड भिंतभर होतं आणि त्याबरोबर दोराही दोरखंडाएवढा होतो. शिवाय कथेची मागणी असते. ‘झपाटलेला’ या 1993 च्या चित्रपटातला तात्या विंचू हाही पाध्यांनीच घडवलेला बाहुला. त्याला कुणीतरी हलवतंय असा नुसता संशय आला असता तरी भीती ओसरली असती. तिथे सूत्रधाराला नाहीसं व्हावंच लागतं.

स्टॉप-मोशनमध्ये तो आधीच नाहीसा झालेला असतो. हात फ्रेममध्ये येतो, वस्तू तसूभर सरकवतो, बाहेर जातो आणि मग फोटो निघतो. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या अशाच नाचवल्या. त्याही आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेमफ्रेमनं टिपली होती. आपल्या सिनेमाचा पाया घालणारा माणूस या कामाला लहान मुलांचा खेळ समजत नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं. काड्या टेबलावर आडव्या पडून राहतात, म्हणून त्यांना दांडी लागली नाही. बाहुलीला उडी मारायची असेल, पळायचं असेल, नुसता एक पाय उचलायचा असेल, तरी तिला बाहेरचा आधार लागतो आणि तिथून आपलं काम सुरू होतं.

संगणकाआधीच्या लोकांनी यावर काढलेल्या तोडी आजही उपयोगाच्या आहेत. स्टॉप-मोशनचे उस्ताद रे हॅरीहाउसेन उडणाऱ्या प्राण्यांच्या तारा मागच्या पडद्याच्या रंगानं रंगवून दिसेनाशा करत. 1963 च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधली सांगाड्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांत आटोपते. तिच्यासाठी ते साडेचार महिने एकटे खपले. ब्रिटिश दूरदर्शनवरच्या ‘थंडरबर्ड्स’च्या (1965-66) बाहुल्यांना बारीक धातूच्या तारा असत. त्यांतूनच वीज जाऊन बाहुलीचे ओठ हलत, त्यामुळे त्या काढून टाकायची सोयच नव्हती. म्हणून प्रत्येक शॉटआधी त्यांच्यावर मागच्या भिंतीच्या रंगाचा हात मारला जाई. तुमच्या तंगुसावर मॅट रंगाचा किंवा नुसत्या पावडरीचा हात फिरवला की त्याची चमक जाते आणि नंतरचे कित्येक तास वाचतात. ही युक्ती साठ वर्षं जुनी आहे, तरी नव्या मुलांना सांगावी लागते.

दोऱ्या पुसायच्याच असतात असंही नाही. डेन्मार्कच्या अँडर्स रोनो क्लारलुंड यांचा ‘स्ट्रिंग्ज’ (2004) जरूर बघा. त्यातल्या प्रत्येक पात्राच्या दोऱ्या वर आकाशात जातात आणि त्या जगातल्या माणसांनाही त्या दिसतात. हाताची दोरी तुटली तर हात जातो, डोक्याची तुटली तर प्राण जातो. दोरी हाच तिथे आयुष्याचा नियम आहे. एखाद्या उत्साही माणसानं त्या पुसल्या असत्या तर कथाच उरली नसती.

चेहऱ्याच्या सांध्याचीही अशीच गोष्ट. लायका स्टुडिओच्या ‘कॉरलाइन’मध्ये (2009) बाहुलीचे चेहरे छापून काढलेले होते. कपाळाचा तुकडा वेगळा, तोंडाचा वेगळा, म्हणजे भुवया आणि ओठ हवे तसे जुळवता यावेत. दोन तुकड्यांमध्ये डोळ्यांच्या रेषेत एक फट दिसते. ती फट संगणकावर एकेका फ्रेममधून पुसली गेली. सहा वर्षांनी चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन यांनी ‘ॲनोमॅलिसा’त अगदी तशीच फट जशीच्या तशी ठेवली. एकाकी, थकलेल्या, आपण कोण आहोत हेच न उमगलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती रेघ इतकी शोभते की ती नसती तर फिल्म उणी झाली असती. तंत्र एकच, अडचण एकच, निर्णय मात्र उलटे, आणि दोन्ही निर्णय बरोबर. या पुस्तकातलं एकच पान वाचायचं असेल तर या दोन चित्रपटांतले चेहरे शेजारी शेजारी ठेवून दाखवलेलं पान वाचा.

आता एक शॉट जवळून बघू. आजीची बाहुली स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढते. चार सेकंद, 96 फ्रेम, 48 फोटो. चढताना तिचा एक पाय हवेत आणि तोल पुढे. घोट्यातला स्क्रू तेवढा भार पेलत नाही, म्हणून कमरेत मागून दांडी. ॲनिमेटरनं सगळं नीट केलं आहे. काळे कपडे घातले आहेत, कारण पांढऱ्या सदऱ्याचा उजेड बाहुलीच्या काचेच्या डोळ्यांत पडतो आणि फ्रेमगणिक नाचतो. शॉट संपल्यावर बाहुली बाजूला करून रिकाम्या सेटचा फोटोही घेतला आहे. ही क्लीन प्लेट. दांडीच्या जागी प्लेटचा तुकडा लावायचा की झालं, असं वाटतं.

पण दांडीची सावलीही भिंतीवर पडली आहे आणि ती आजीच्या सावलीत मिसळली आहे. प्लेट सरसकट लावली तर दोन्ही सावल्या जातात आणि आजी स्टुलावर उभी न राहता हवेत तरंगल्यासारखी दिसते. तेव्हा आजीची सावली राखून फक्त दांडीची काढायची. त्यासाठी दोघींच्या मधली मऊ कड हातानं, फ्रेम-फ्रेम करत रंगवायची. मग दांडी जिथे साडीला टेकते तिथला रोटो. कापडाचे धागे सुटलेले असतात. ते कापून सरळ रेघ मारली की साडी पत्र्याची वाटते, म्हणून दोन-चार धागे पुन्हा रंगवावे लागतात. शिवाय दांडीच्या स्टीलवरून परावर्तित झालेला उजेडाचा एक चट्टा आजीच्या पाठीवर आहे. दांडी गेली तरी चट्टा राहिला तर नजर तिथेच अडखळते. का अडखळली हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण अडखळते खरी.

मग कणाचा प्रश्न. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याच्या सेन्सरचा एक बारीक रवाळपणा असतो आणि तो दर फोटोत बदलतो. प्लेट मात्र एकच फोटो. तिचा तुकडा 96 फ्रेमवर लावला की तेवढीच जागा थिजलेली दिसते, जशी डागडुजी करून त्याच डब्यातला रंग लावला तरी भिंतीवरची ती जागा वेगळी कळते. म्हणून प्लेटमधला रवा आधी काढायचा आणि हलता रवा वरून घालायचा. आणि लुकलुक? ऑटोमॅटिक लेन्सचं छिद्र दर वेळी अगदी तेवढंच मिटत नाही, त्यामुळे उजेड केसभर कमी-जास्त होतो. स्टॉप-मोशनवाले हातानं छिद्र लावायच्या जुन्या लेन्स वापरतात ते यासाठीच. ज्यांच्याकडे त्या नव्हत्या त्यांच्यासाठी लुकलुक काढायची साधनं आहेत, पण ती आधी वापरायची. दांडी पुसून झाल्यावर लुकलुक काढायला घेतली तर पुसलेला तुकडा वेगळा उजळतो आणि सगळं मुसळ केरात.

चार सेकंदांच्या या शॉटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. बोटांच्या दाबानं आजीच्या पदराची चुणी दर फोटोत थोडी हलली आहे, त्यामुळे पदर सारखा चुळबुळतो. तो स्थिर करता येतो. मी म्हणेन, हात लावू नका. ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’मध्ये (2009) कोल्ह्याची लव अशीच सतत थरथरत राहते आणि वेस अँडरसननं ती मुद्दाम राहू दिली. त्या थरथरीतून कळतं की या अंगाला कुणीतरी पुन्हा पुन्हा हात लावला आहे. बाहुलीपट बघायला लोक येतात ते त्या स्पर्शासाठी. दांडी पुसायची, कारण ती आजीला खोटं पाडते. चुळबुळ ठेवायची, कारण ती आजीला जिवंत ठेवते. तुमच्या फिल्ममध्ये हे गणित उलटंही असू शकेल, पण ते गणित मांडून मगच कामाला बसा.

डोळ्यांबद्दल मात्र मी अजून विचारात आहे, आणि पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यावरच आहे. झेक दिग्दर्शक यिरी त्रन्का यांच्या बाहुल्यांचे चेहरे बदलत नाहीत. 1965 च्या ‘हात’ या लघुपटात कुंड्या घडवणाऱ्या एका साध्या विदूषकाच्या घरात एक प्रचंड मानवी हात शिरतो आणि कुंडीऐवजी माझाच पुतळा घडव म्हणतो. विदूषकाचा रंगवलेला चेहरा शेवटपर्यंत तोच. दिवा कुठून पडतो आणि मान किती झुकते एवढ्यावर तो हसतो, घाबरतो, थकतो. तिथे इफेक्ट्सवाल्याला करण्यासारखं जवळपास काही नाही, आणि तरी ती फिल्म काळजात घर करते. सत्तेलाही ती बोचली. त्रन्का गेल्यानंतर झेकोस्लोव्हाकियात तिच्यावर बंदी आली.

दुसऱ्या टोकाला कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डची ‘मादाम तुत्ली-पुत्ली’ (2007). क्रिस लाव्हिस आणि माचेक श्चेर्बोव्स्की यांची सतरा मिनिटांची फिल्म. एक बाई आपला सगळा संसार घेऊन रात्रीच्या गाडीत चढते, एवढंच. पण तिचे डोळे माणसाचे आहेत. बाहुलीचं चित्रीकरण झाल्यावर जेसन वॉकर या चित्रकारानं तीच मान, तोच उजेड जुळवून अभिनेत्रीचे डोळे चित्रित केले आणि ते बाहुलीच्या खोबण्यांत बसवले. पापण्यांची ओल, क्षणभर भिरभिरणारी नजर, दचकून थांबलेली बुबुळं, हे सगळं त्या बाहुलीच्या तोंडावर येतं तेव्हा अंगावर काटा येतो. कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात तिला पारितोषिक मिळालं आणि पुढे ऑस्करचं नामांकनही.

ती बघून अनेकांना वाटतं, आपणही माणसाचे डोळे बसवू. बसवा, पण एवढं ध्यानात घ्या की तिथे इफेक्ट वरून चिकटवलेला नाही, अभिनयच दोन वेळा झाला आहे. आधी बाहुलीनं केला आणि मग तिच्या प्रत्येक झुकावाचं पाऊल पकडत माणसानं. उजेडाची दिशा अंशभर चुकली तर डोळे चेहऱ्यावर पोहतात. बाहुलीचे डोळे नुसते थोडे ओले दाखवायचे असतील तर ग्लिसरिनचा थेंब बरा. ज्या कथेत बाईची भीती नजरेतूनच सांगायची आहे आणि दुसऱ्या कशातूनही सांगता येत नाही, तिथेच हा खर्च करावा. त्रन्का यांना तो करावासा वाटला नसता, आणि त्यांच्या विदूषकाला डोळे दिले असते तर त्याचं दुःख छोटं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. हल्ली सॉफ्टवेअर दोन फोटोंच्या मधला फोटो स्वतः तयार करतं. बारा फोटोंचे चोवीस होतात, हालचाल लोण्यासारखी सरकते आणि करणाऱ्याला वाटतं फिल्म महाग दिसतेय. ॲनिमेटरनं जिथे क्षणभर थांबायचं ठरवलं होतं तो थांबा त्यात विरघळतो. आजीचा पाय स्टुलावर टेकतानाचा जड ठेका जातो. हालचालीतला धूसरपणा, म्हणजे मोशन ब्लर, वरून घालण्याबद्दलही मी हेच म्हणेन. धावत्या रेल्वेच्या खिडकीबाहेर तो ठीक, बाहुलीच्या हातावर नको. दांडी आपोआप पुसणारी नवी साधनं मात्र खुशाल वापरा. फक्त त्यांनी भरलेला तुकडा दर फ्रेमला नवा असतो, तेव्हा शॉट थांबवून नव्हे, चालवून तपासा.

धूर, पाणी, आग यांवर या पुस्तकात थोडंच लिहिलं आहे. जे कापसानं होईल त्याचं संगणकावर सिम्युलेशन करू नये. ‘आइल ऑफ डॉग्ज’मधल्या (2018) कुत्र्यांच्या झटापटीतले धुळीचे लोट कापसाचेच आहेत. हाती पैसे असूनही ज्यांनी कापूस निवडला त्यांच्याकडून, पैसे नसलेल्यांनी तरी हे घ्यावं.

साधनांचं म्हणाल तर ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात ट्रॅकिंग, मास्क, कॉम्पोझिटिंग सगळं आहे. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्युजन येतं. चित्रीकरणाला ड्रॅगनफ्रेम घेतलं तर तेवढा खर्च सार्थकी लागतो. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं या वादात मी शिरलेलो नाही, कारण वरच्या शॉटमधली सगळी कामं यातल्या कशातही होतात. वेळ मात्र कशातही कमी होत नाही. मुंबईच्या स्टुडिओ ईक्सॉरसमध्ये सुरेश एरियत यांनी केलेली ‘टोकरी’ ही स्टॉप-मोशनची छोटी फिल्म पुरी व्हायला काही वर्षं गेली. तिच्यातल्या मुंबईचा रस्ता, सिग्नल आणि टोपल्या विकणारी मुलगी बघताना ती वर्षं कुठे गेली ते दिसतं.

शेवटी थिएटर. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर जी सफाई निर्दोष दिसते, ती मोठ्या पडद्यावर उघडी पडते. पुसलेल्या दांडीच्या जागी एक लिबलिबीत डाग हलताना दिसतो. म्हणून फिल्म ‘झाली’ म्हणण्याआधी एकदा तरी ती मोठ्या पडद्यावर, निदान चांगल्या प्रोजेक्टरवर, अंधारात बघा. थिएटरसाठी लागणारं डीसीपी, म्हणजे फिल्मची डिजिटल प्रत, आता डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरनं घरी करता येतं. त्यात रंगांची मोजणी वेगळी असते आणि अंधाऱ्या शॉटमधल्या सावल्या बदलतात, तेव्हा आजीच्या सावलीशी केलेली मारामारी तिथे पुन्हा तपासावी लागते. महोत्सवाला प्रत पाठवायच्या आदल्या रात्री हे करू नका.

प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम उलटा लावला आहे. डीसीपीपासून सुरुवात करून मागे येत येत शेवटचं प्रकरण चित्रीकरणाआधीच्या तयारीवर आहे, कारण शेवटी काय लागतं हे कळल्याशिवाय आधी काय करायचं ते पटत नाही. पण ज्यांची फिल्म अजून व्हायची आहे, त्यांनी ते शेवटचं प्रकरण आधी वाचावं. त्यात दांडी कुठून घालायची म्हणजे तिची सावली बाहुलीच्या सावलीत पडणार नाही, दर शॉटला क्लीन प्लेट कधी घ्यायची, सेटवरच्या पांढऱ्या आणि करड्या गोळ्याचा फोटो का काढून ठेवायचा आणि प्रत्येक शॉटच्या वहीत काय लिहायचं, ते आकृत्यांसह दिलं आहे. वहीचा एक कोरा नमुना पुस्तकाच्या अखेरीस जोडला आहे. त्याच्या झेरॉक्स काढा, आणि ‘काय पुसायचं’ या रकान्याशेजारी ‘काय ठेवायचं’ असा जो दुसरा रकाना आहे, तो शॉट घेण्याआधी भरा.